रिकाम्या बादलीचा चमत्कार

सरकारला माल कसा विकायचा, हे आमच्या अख्ख्या खोऱ्यात कुणाला कळत असेल तर ते मला. हे मी नम्रपणे सांगते आहे. माझा नवरा ओनोफ्री म्हणतो की मला नम्रपणा चढला की घरात काहीतरी फुटतं. पण ओनोफ्रीचं काय घेऊन बसलात, तो सुखातसुद्धा दाढ दुखत असल्याचा चेहरा करून बसतो.

झालं असं, की एका सकाळी मी इस्त्री करत होते आणि रेडिओवर एक बाई कायदा समजावून सांगत होती. सरकारी शाळांत पोरांना जे जेवण मिळतं, त्याच्या पैशातला मोठा वाटा म्हणे लहान शेतकऱ्यांकडून माल घेण्यातच खर्च झाला पाहिजे. त्यातही आधी त्याच गावचे शेतकरी, ते नसतील तर शेजारचे, मग लांबचे. आणि बायकांचा गट असेल तर त्याला आणखी आधी. मी ऐकतच राहिले. कुणीतरी माझ्या खिडकीतून डोकावून, मला नीट बघून घेऊन, मग घरी जाऊन हा कायदा लिहिला असावा असं वाटलं. ओनोफ्रीच्या निळ्या शर्टावर त्या कायद्याची त्रिकोणी खूण अजून आहे.

तुम्हाला यात काही नवल वाटणार नाही. पण आमच्या ग्रोता फुंदा वाडीला सरकार म्हणजे काय, तर कुत्र्यांना सुया टोचायला येणारी गाडी. तीही चढावर अर्ध्यात थांबते आणि कुत्री खाली न्यावी लागतात. असं ते सरकार आता म्हणत होतं, की बाई, तुमच्या परसात काय पिकतं ते आणा, आमच्या पोरांना जेवायचंय. मी परसात गेले तर कोंबड्यासुद्धा मला जरा सरकारी दिसायला लागल्या.

आता परसात पिकतं काय? करांदा! कंद म्हटला की तो जमिनीत असतो, पण करांद्याला हे कुणी सांगितलेलं नाही. तो वेलीवर, हवेत, मुठीएवढा लटकतो. एकदा लावा आणि विसरून जा. तो तुम्हाला विसरत नाही. पेरूच्या झाडावर चढतो, तिथून छपरावर, तिथून टीव्हीच्या अँटेनावर. एका वर्षी आम्हाला फुटबॉल नुसता ऐकू यायचा, दिसायचा नाही. ओनोफ्री वर चढला आणि टोपलीभर करांदे घेऊन उतरला. असा हा देवाचा उदार हात. पण बाजारात त्याला कुणी विचारत नाही. शहरातल्या लोकांना बटाटा लागतो, तोही आंघोळ घातलेला.

त्याच संध्याकाळी मी चॅपेलच्या, म्हणजे आमच्या लहानशा चर्चच्या, पायऱ्यांवर वाडीतल्या सगळ्या बायकांना जमवून गट काढला. प्रमुख कोण, हा प्रश्नच आला नाही, कारण मी कुणाला तो विचारू दिला नाही.

"कोमाद्रे, खरंच घेतील शाळेत?" वाल्दिरेनीने विचारलं. तिच्या लेकीच्या, मिरेलाच्या, बाप्तिस्म्यात मी धर्मआई झाले, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो.

"न घेऊन जातील कुठे? कायदा आहे."

"कायदा तर आपल्या रस्त्याचाही होता."

"तो पुरुषांनी मागितला होता."

सगळ्या हसल्या, पण वाल्दिरेनी हसली नाही. तिचा नवरा ऊसतोडणीला म्हणून परराज्यात गेला आणि तिकडेच विरघळला. बेलो ओरिझोंते शहरातल्या एका बाईला घरी राहून काम करणारी बाई हवी होती. स्वयंपाकघरामागची खोली, खाऊनपिऊन पगार, फक्त पोर आणायचं नाही. वाल्दिरेनीला पुढच्या आठवड्यातल्या रविवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. शाळेने करांदा घेतला तर ती राहणार होती. नाही घेतला तर सोमवारच्या बसने ती जाणार, आणि मिरेला माझ्याकडे. माझी काही ना नव्हती हो. पण ती पोर आईच्या अंगावर पाय टाकल्याशिवाय झोपत नाही, आणि तो पाय मी बेलो ओरिझोंतेपर्यंत कसा लांबवणार?

तर दुसऱ्या दिवशी मी आणि वाल्दिरेनी पिशवीभर करांदे घेऊन खाली सांता ओलाया गावच्या शाळेत गेलो. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि माझी वाचाच बसली. ओनोफ्रीला विचारा, ही केवढी मोठी घटना आहे. चारशे पोरांचं जेवण तुम्ही कधी शिजताना पाहिलंय? पातेलं असं, की त्यात वासराला आंघोळ घालून वर झाकण लावावं. त्यात उभ्या उभ्या घेवड्याची उसळ ढवळत होती शाळेची स्वयंपाकीण दोना एफिझेनिया, म्हणजे एफिझेनियाबाई, हातात एवढा लांब लाकडी डाव, की नदीत होडी हाकते आहे असं वाटावं. वाफेतून फक्त तिचा डोक्याला बांधलेला रुमाल दिसत होता. मला क्षणभर तिच्यासमोर गुडघे टेकावेसे वाटले, पण जमीन ओली होती.

"दारात उभ्या राहू नका, माशा आत येतात," दोना एफिझेनिया म्हणाली.

शाळेची आहारतज्ज्ञ तालिता ही काडीसारखी बारीक मुलगी. मोठा चष्मा, छातीशी वजनकाटा धरलेला, जसा दुसऱ्या बायका तान्हं मूल धरतात. मी तिला कायदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवला. तिने शांतपणे ऐकून घेतला.

"दोना नेउझा, कायद्याने तुम्ही सगळ्यांच्या पुढे. ते मला मान्य आहे. पण पदार्थ नवा आहे. पोरांनी खाल्ला तरच घ्यायचा."

"खातील की. आमची खातात."

"तोंडी चालत नाही. पुढच्या गुरुवारी शिजवून बघू. वाढायच्या आधी वजन करायचं. मग ताटांत जे उरेल ते सगळं या बादलीत, आणि पुन्हा वजन. वाढलेल्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त उरलं, तर नाही."

"आणि कमी उरलं तर?"

"तर सोमवारपासून दर आठवड्याला तुमच्याकडे गाडी येईल."

मी त्या बादलीकडे बघत राहिले. साधी पांढरी बादली. माझ्या लहानपणी ताटात काही उरलं तर माझ्या कानाखाली आवाज निघायचा. आता पोरांनी काय टाकलं याचं सरकार वजन करणार होतं, आणि त्यांना आवडलं नाही तर पोरांना नाही, पदार्थाला नापास करणार होतं. असं काही जगात असतं हे मला माहीतच नव्हतं. परतीच्या वाटेवर मी वाल्दिरेनीला म्हणाले, "काय माणसं आहेत गं."

"उरलं तर?" वाल्दिरेनी म्हणाली. तिला बादलीचंच पडलं होतं.

"उरत नाही. माझ्यावर सोड."

माझा बेत अगदी सरळ होता. पोरांना नवी चव नको असते. मग चव नवी ठेवायचीच कशाला? गुरुवारपर्यंत प्रत्येक घरात रोज थोडा करांदा शिजवायचा. जिभेला सवय झाली, की शाळेत ताट समोर आल्यावर पोरांना जुना मित्र भेटल्यासारखं वाटेल. मी घरोघर जाऊन सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. इतकी चांगली कल्पना मला यापूर्वी लग्नाच्या वेळीच सुचली होती.

पण माझ्या हिशेबात एक गफलत राहिली. मी धरलं होतं, की एक पोर म्हणजे एक घर. आता ग्रोता फुंदात असं कधी असतं का? आमच्याकडे पोर दारावरून गेलं आणि त्याला हाक मारली नाही, तर त्या घरात कुणीतरी वारलंय असं लोक समजतात. शाळेची बस उताराच्या पायथ्याशी सोडते, तिथून पोरं चढ चढत घरी येतात. आणि प्रत्येक दारात एक बाई ताटली घेऊन उभी. नको म्हणायची सोय नाही. नको म्हटलं तर ती बाई त्या पोराच्या आईशी पुढचे दोन सण बोलत नाही.

पहिल्या घरात उकडलेला करांदा. दुसऱ्यात, दोना लेओनोरकडे, तळलेला. तिसऱ्या घरातल्या आजीने त्याचा केक केला. चौथीने घेवड्यात घातला, पाचवीने दुधात. मी स्वतः खिमट करायचे, वर दालचिनी भुरभुरून. शिवाय सांता ओलायातल्या निम्म्या पोरांच्या मावश्या आणि आत्या आमच्या वाडीवर. रविवारी प्रार्थनेनंतर त्या पिशव्या भरभरून खाली घेऊन गेल्या, आणि जाताना सांगून गेल्या, शेजाऱ्यांनाही द्या. मी चॅपेलच्या दारात उभी राहून त्या पिशव्या जाताना पाहत होते. सैन्य निघाल्यासारखं वाटत होतं. माझं सैन्य.

मिरेलाचं घर चढाच्या अगदी टोकाला, म्हणजे वाडीतली सगळी दारं ओलांडून. बुधवारी ती माझ्या दाराशी आली तेव्हा तिने आधी कठड्याला धरून श्वास घेतला.

"ये गं राणी. आज जास्त दालचिनी घातलीय."

ती बसली. चमच्याने खिमटाला एक खड्डा केला, मग तो बुजवला.

"धर्मआई, उद्या ताटात काही उरलं, तर आई जाणार ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तू. परवा दोना लेओनोरला सांगत होतीस. आम्ही बाहेर होतो."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही सगळी."

"अगं, उरणार कशाला? तुम्हाला आता सवय झालीय."

मिरेलाने माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की ती नजर मी चाळीस वर्षांच्या बायकांच्या तोंडावर पाहिली आहे, नवऱ्याने नवी गाय आणली की. मग तिने ते खिमट संपवलं. मला आनंद झाला.

गुरुवारी शाळेत दुसरीही गडबड होती. नगराध्यक्ष दुपारी स्वयंपाकघराच्या नव्या भट्टीचं उद्घाटन करायला येणार होते, म्हणून जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात बँडपथकाची वाद्यं आणून ठेवली होती. दोना एफिझेनियाने करांद्याचं सुंदर मऊ खिमट केलं, लसणाची फोडणी दिली. तालिताने वजन केलं. वाल्दिरेनी आणि मी गटातर्फे भिंतीला टेकून उभ्या होतो. तिने माझा दंड धरला होता.

घंटा झाली. पोरं रांगेने आली. पहिल्या पोराच्या ताटात डावभर खिमट पडलं, त्याने ताटात पाहिलं, आणि त्याचा चेहरा जो पडला तो मी जन्मात विसरणार नाही. मग दुसऱ्याचा. मग तिसरीचा. चारशे चेहरे एकामागून एक विझत गेले, संध्याकाळी दुकानं बंद होतात तसे. जुना मित्र भेटल्यासारखं होतं खरं, पण उधारी मागायला आलेला.

"कोमाद्रे," वाल्दिरेनी हळूच म्हणाली, "यांना काय झालंय?"

"भूक," मी म्हणाले.

पोरं बसली. मला बघवेना, मी छताकडे पाहिलं, देवाशी दोन शब्द बोलले, आणि मान खाली केली तेव्हा पहिलं पोर बादलीपाशी आलं होतं. ताट स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसऱ्या ताटात मला माझं प्रतिबिंब दिसलं असतं. चारशे पोरं शिस्तीत आली, बादलीवर ताट उलटं केलं, आणि आत काही म्हणजे काही पडलं नाही.

तालिताने बादली काट्यावर ठेवली. मग बादली काढून काट्याला टिचकी मारली आणि परत ठेवली. चष्मा पुसला.

"दोना एफिझेनिया, जरा इकडे या."

दोना एफिझेनिया आली, बादलीत वाकून पाहिलं आणि रुमालाच्या गाठीला हात लावला. "इथे आल्यापासून मी हे पाहिलं नाही," ती म्हणाली. "आइस्क्रीमच्या दिवशीसुद्धा यापेक्षा जास्त उरतं."

सगळ्या शिक्षिका येऊन बादलीत बघून गेल्या. एकीने क्रूसाची खूण केली. मीही पाहिलं. बादलीचा तो पांढरा, कोरडा तळ पाहून माझे डोळे भरून आले. आपण काहीतरी मोठं केलंय, आपल्या हातून काहीतरी झालंय असं वाटलं. वाल्दिरेनी तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायलाच लागली.

"मी म्हटलं नव्हतं?" मी म्हणाले. मला वाटतं, मी ते बऱ्याच जणींना म्हणाले.

नगराध्यक्ष आले, पांढराशुभ्र शर्ट घालून. तालिताने त्यांना बादली दाखवली. त्यांनीही आत वाकून पाहिलं आणि खूप वेळ वाकलेलेच राहिले. मग भट्टीचं भाषण बाजूला ठेवून ते करांद्यावरच बोलायला लागले. आपली माती, आपल्या बायका, आपली पोरं, आणि ही रिकामी बादली, असं बरंच चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "ग्रोता फुंदाच्या भगिनींच्या सन्मानार्थ, बँड!"

बँडमास्तर सेऊ अमारूंनी हात वर केला. पोरांनी वाद्यं तोंडाला लावली.

आवाज आला नाही.

सेऊ अमारूंनी पुन्हा हात वर केला. ढोलवाल्याने ढोलावर टिपरू मारलं, तर "ढम" व्हायच्या जागी "पच्च" झालं. ट्रम्पेटवाली पोर लाल झाली होती, पण नुसतीच लाल.

"फुंक, जोरात फुंक," सेऊ अमारू ट्यूबावाल्या, म्हणजे सगळ्यांत मोठा पितळी कर्णा धरलेल्या, पोराला म्हणाले. "झोपलास का?"

त्या पोराने हताश होऊन मिरेलाकडे पाहिलं. मिरेलाने डोळे मिटले. पोराने छाती भरून घेतली आणि फुंकलं.

ट्यूबाच्या तोंडातून जे निघालं ते संगीत नव्हतं. ते हवेत उंच गेलं, वर थोडं रेंगाळलं, आम्ही सगळ्यांनी माना वर करून ते पाहिलं, आणि ते खाली येऊन नगराध्यक्षांच्या छातीवर बसलं, बरोबर पदक लावतात त्या जागी. लसणाचा छान वास सुटला.

नगराध्यक्षांनी बोटाने ते टिपलं, चाखलं, आणि म्हणाले, "करांदा."

त्या क्षणी तालिताने काय केलं असेल? दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. तिने ती पांढरी बादली उचलली आणि रांगेच्या पहिल्या पोरापासून सुरुवात केली. "खिसे," एवढंच म्हणाली.

मी आयुष्यात जत्रेतले जादूगार पाहिले आहेत, पण असं पाहिलं नाही. खिशांतून निघालं. मोज्यांतून निघालं. टोपीच्या आतून, दप्तरातून, बासरीतून निघालं. मुख्याध्यापिकेच्या दारातल्या कुंडीतली माती आदल्या दिवशीपेक्षा चार बोटं वर आली होती. एका पोरीचा अंबाडा सोडला तर आत केस थोडे आणि करांदाच जास्त. ढोल उघडून पाहिला तेव्हा सेऊ अमारू खुर्चीत बसले. चारशे पोरांनी, एक शब्द न बोलता, एका जेवणाच्या वेळात, शिक्षिकांच्या डोळ्यांदेखत हे केलं होतं. मला घाम फुटला होता, माझं नाव बुडत होतं, आणि तरीसुद्धा मला त्या पोरांचं इतकं कौतुक वाटत होतं की काय सांगू.

बादली भरली. दुसरी आणावी लागली. तालिताने काट्यावर ठेवली. या वेळी टिचकी मारायची गरज पडली नाही.

"नापास," ती हळूच म्हणाली.

वाल्दिरेनीचा माझ्या दंडावरचा हात सुटला.

तालिता पोरांसमोर उकिडवी बसली. "ताटात का नाही ठेवलं? मी रागावले असते का?"

मिरेला पुढे आली. "ताटातलं बादलीत जातं. बादली भरली की माझी आई बेलो ओरिझोंतेला जाते. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं की ताटात ठेवायचं नाही."

"आणि सगळ्यांनी ऐकलं?"

"तिची आई आहे ना," ट्यूबावालं पोर म्हणालं. जणू तालिताने अगदीच सोपं काही विचारलं होतं.

हॉलमध्ये एवढी शांतता झाली, की बादलीतला करांदा खाली बसताना ऐकू आला. दोना एफिझेनियाने डाव खाली ठेवला. मी वाल्दिरेनीकडे पाहायचं धाडस केलं नाही.

"पण इतकं वाईट लागतं का ते?" तालिताने विचारलं.

"वाईट नाहीये," मिरेला म्हणाली. "फार आहे."

मग धरण फुटल्यासारखी पोरं बोलायला लागली. दोना लेओनोरकडे तळलेला, आजीकडे केक, आत्याकडे दुधातला, सकाळी, शाळेतून येताना, रात्री, रविवारी पिशवीतून. "आणि दोना नेउझाकडे दालचिनी घालून," असं शेवटी कुणीतरी म्हणालं, आणि चारशे पोरं, शिक्षिका, सेऊ अमारू, नगराध्यक्ष आणि तालिता, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"जरा सवय व्हावी म्हणून," मी म्हणाले. माझा आवाज बासरीतून निघाल्यासारखा आला.

"दोना नेउझा," तालिता म्हणाली, "तुम्ही काही केलं नसतं ना, तर कदाचित पास झालं असतं."

कायद्यात यावर काही नव्हतं.

तेवढ्यात दोना एफिझेनिया कडाडली. "चर्चा नंतर करा. ही पोरं सकाळपासून उपाशी आहेत, आणि माझ्या स्वयंपाकघरातून पोर उपाशी घरी जात नाही. मुख्याध्यापिकाबाई, बस थांबवून ठेवा. नेउझा, हात धू. मोठ्याने बोलायचं नाही, नुसतं मळायचं."

पोरांनी पुन्हा मागितलं तर असावं म्हणून तिने एक पातेलंभर खिमट राखून ठेवलं होतं. अर्थात पुन्हा कुणी मागितलं नव्हतं. त्यात तिने साबुदाण्याच्या कंदाचं पीठ ओतलं, अंडी फोडली, आणि चीज किसलं, एवढं चीज की मी मनातल्या मनात ओरडले. आमच्याकडे चीज विकायचं असतं, पोरांना घालायचं नसतं. म्हणून तर वाडीत एवढे प्रकार झाले आणि हा कुणाला सुचला नाही. वाल्दिरेनी, मी आणि शिक्षिकांनी गोळे वळले. नगराध्यक्षांनी शर्ट पुसत पुसत नव्या भट्टीचं बटण दाबलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे भट्टीच्या काचेतून आत बघत होते. आत ते गोळे फुगत होते, सोनेरी होत होते. हॉलभर असा वास सुटला की मागे पोरांची कुजबुज थांबली.

तालिताने गोळ्यांचं वजन केलं. "खिमट नापास ते नापासच," ती म्हणाली. "हा वेगळा पदार्थ आहे. याची वेगळी चाचणी." आणि या वेळी ती दारात उभी राहिली. प्रत्येक पोराचे खिसे उलटे केले, मोजे पाहिले, अंबाडे चाचपले. "तोंड उघड. जीभ वर. जा."

पोरांनी पहिला घास भीत भीत घेतला. मग दुसरा घेतला, आणि मग हॉलमध्ये फक्त चावण्याचा आवाज. मिरेलाने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसरा आईच्या हातात आणून दिला. "यात करांदा आहे, कळतच नाही," ती म्हणाली.

बादली काट्यावर चढली. आत एकच अर्धा गोळा होता. तो नगराध्यक्षांचा, त्यांना पथ्य होतं. तालिताने तोही मोजला.

"पास," ती म्हणाली. "सोमवारी गाडी पाठवते. पहिल्या खेपेला दहा पोती लागतील."

आम्ही घरी नाचत आलो. रविवारी सकाळी मी पोती गोळा करायला निघाले. दोना लेओनोरच्या दारात गेले.

"करांदे?" ती म्हणाली. "अगं, ते तर संपले. तूच म्हणालीस ना, पोरांना घाला."

पुढच्या घरी टोपलीत दोन होते, त्यातल्या एकाला कोंब आलेला. आजीने सगळे केकात घातले होते. खाली पाठवलेल्या पिशव्या तुम्हाला आठवत असतीलच. मी माझ्या कोठीत पाहिलं, तिथे दालचिनी होती. आणि वेलींना आता नवे कंद धरायचे ते पुढच्या हंगामात.

मी घाबरून तालिताला फोन लावला. "शेजारच्या गावात माझी चुलतबहीण आहे, तिच्याकडून पोती आणून देऊ?"

"दोना नेउझा, तुमच्याच जमिनीत पिकलेलं असलं पाहिजे. हे तर तुम्हीच मला शिकवलंत."

"आणि आमच्याकडे नसेल तर?"

"तर शेजारच्या गावाचा नंबर. मग करार त्यांच्याशी."

फोन ठेवून मी चढ चढायला लागले. वाल्दिरेनीला हे तोंडाने सांगणं भाग होतं. बेलो ओरिझोंतेच्या बाईला तिने संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं. वर पोचेपर्यंत माझ्या पायांत गोळे आले होते, आणि वाक्य काही तयार झालं नव्हतं.

ती दारात केर काढत होती.

"कोमाद्रे," मी म्हणाले, "वाडीत करांदा उरलेला नाही. एक पोतंसुद्धा भरणार नाही. पोरांनी खाल्ला."

"हो का?" ती म्हणाली. "मग माझा घेऊन जा."

"तुझा किती असणार?"

तिने आतलं दार ढकललं, पण ते अर्धंच उघडलं. मी फटीतून डोकं घातलं. खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत, कमरेच्या वर, करांद्यांनी भरलेली. मधे एक बोळ, बोळाच्या शेवटी खाट, आणि खाटेच्या खालीही करांदे. मायलेकी त्यातून वाट काढून झोपत होत्या. मी पोरांच्या खिशांत, ढोलात, भट्टीत जे पाहिलं होतं ते सगळं यापुढे काहीच नव्हतं. देवळात उभं राहावं तशी मी उभी राहिले.

"तू पोरीला घातलेच नाहीस?"

"कधी घालणार?" वाल्दिरेनी म्हणाली. "वर पोचायची तेव्हा तिचं पोट टम्म झालेलं असायचं. तुम्ही सगळ्यांनी एकेका दारात भरवून पाठवलेली. आणि माझ्या दारावरून पुढे जाणारं पोर नाही, रस्ता इथेच संपतो. एक कंदसुद्धा शिजवायची वेळ आली नाही बघ."

सोमवारी शाळेची गाडी आली. ती चढावर अर्ध्यात थांबली. ड्रायव्हरने काचेतून डोकं काढून विचारलं, "बायकांचा गट कुठाय?" वाल्दिरेनीने हात वर केला. मिरेला तिच्या कमरेला धरून उभी होती. आम्ही बाकीच्या जणी वरून पोती खांद्यावर घेऊन उतरत होतो. माझं पोतं चांगलंच जड होतं. पण मी एक शब्द बोलले नाही, कारण ओनोफ्री शेजारूनच चालत होता, आणि बोलले असते तर त्याने नक्की विचारलं असतं, की यातलं आपलं पोतं कुठलं.